बॉल पायथनच्या पेटीतील ओलावा

पाळीव सापांच्या संगोपनाविषयीच्या पुस्तिकांत प्रत्येक जातीपुढे आर्द्रतेचा एक आकडा दिलेला असतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन या आखूड, जाडजूड अजगरासाठी तो साधारणपणे ५५ ते ७० टक्के असा सांगितला जातो, अमेरिकेतील कॉर्न स्नेकसाठी ४० ते ६० टक्के असा, आणि न्यू गिनीच्या वर्षावनातील हिरव्या वृक्ष-अजगरासाठी त्याहून बराच वरचा. हे आकडे चुकीचे नाहीत. परंतु त्यांतून असा समज दृढ होतो की पेटीतील सगळी हवा एकाच ओलाव्याची असते, आणि काटा त्या आकड्यावर स्थिर ठेवला म्हणजे पाळणाऱ्याचे काम संपले. प्रत्यक्षात कोणताही साप अशा एकसारख्या हवेत राहत नाही. तो दिवसाच्या व ऋतूच्या ओघात कोरड्या जागेतून ओल्या जागेत आणि उबदार जागेतून थंड जागेत सरकत राहतो, आणि अंगातील पाणी टिकवण्याचे त्याचे मुख्य साधन ही निवडच असते. पेटीची रचना करताना ही निवड सापाच्या हाती ठेवणे हे आकडा गाठण्याहून अधिक महत्त्वाचे ठरते.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेल्या वाफेचे प्रमाण होय. वाफ मावण्याची ही मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. शून्य अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे ४.८ ग्रॅम, २० अंशांना १७.३ ग्रॅम, तर ३२ अंशांना जवळजवळ ३४ ग्रॅम वाफ राहू शकते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत, जिथे बॉल पायथन मोठ्या संख्येने पाळले जातात, तिथल्या हिवाळ्यात घराबाहेरची शून्य अंशाची हवा पूर्ण दमट असली तरी घरात शिरून २२ अंशांपर्यंत तापल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता चौथ्या हिश्श्याच्याही किंचित खाली येते. तिच्यातील पाणी कुठेही गेलेले नसते. वाढलेली असते ती केवळ तिची धारणक्षमता. त्या देशांत सापांच्या कात टाकण्याच्या तक्रारी हिवाळ्यात वाढतात, त्यामागे मुख्यतः हेच कारण असते.

हाच हिशोब पेटीच्या आतही लागू होतो. बॉल पायथनच्या पेटीत एक टोक ३१ ते ३३ अंशांवर आणि दुसरे २५ ते २७ अंशांवर ठेवण्याची पद्धत आहे, कारण स्वतःची उष्णता निर्माण न करणाऱ्या या प्राण्याला शरीराचे तापमान जागा बदलूनच राखावे लागते. थंड टोकाला, २६ अंशांच्या हवेत, आर्द्रतामापक ७० टक्के दाखवत असेल, तर तीच हवा काहीही न गमावता गरम टोकाला ३२ अंशांवर पोहोचताच तिथला मापक सुमारे ५० टक्के दाखवील. दोन्ही मापके बरोबरच असतात. सापाच्या अंगातून पाणी किती वेगाने जाईल हे टक्केवारीपेक्षाही हवेतील वाफेची तूट किती आहे यावर अवलंबून असते. म्हणजे त्या तापमानाची संपृक्त हवा आणि प्रत्यक्षातील हवा यांच्या बाष्पदाबांतील फरकावर. वरील उदाहरणात ही तूट गरम टोकाला थंड टोकाच्या दुपटीहून अधिक भरते. त्यामुळे पेटीत एकच लपण असेल आणि तेही ऊब देणाऱ्या दिव्याखाली असेल, तर उबेसाठी तिथे पडून राहणारा साप पेटीच्या सरासरी आकड्यावरून वाटेल त्याहून कितीतरी अधिक पाणी गमावत असतो.

आता हे पाणी जाते कुठून, हा प्रश्न येतो. खवल्यांचे चिलखत सापाला कोरडेपणापासून वाचवते असे फार काळ मानले जात होते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मतः खवले नसलेल्या एका गोफर सापाची तुलना त्याच जातीच्या सामान्य सापाशी केली गेली, तेव्हा दोघांच्या त्वचेतून होणारे बाष्पीभवन जवळपास सारखेच आढळले. खरा अडसर खवल्यांच्या आकारात नसून त्वचेच्या आतील एका अतिशय पातळ पट्ट्यात असतो. सर्पत्वचेच्या बाहेरील भागात केराटिन या कठीण प्रथिनाचे थर असतात आणि त्यांच्या मधोमध स्निग्ध द्रव्यांचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. ही स्निग्ध द्रव्ये विद्रावकाने काढून टाकली तर त्वचेतून पाणी अनेक पटींनी वेगाने जाऊ लागते, हे १९८० च्या सुमारास हार्वे लिलीव्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पुढे त्यांच्याच गटाने कॅलिफोर्नियातील किंगस्नेकच्या पिल्लांवर केलेल्या कामातून असे दिसले, की जन्मानंतरची पहिली कात टाकल्यावर त्वचेची पाणी अडवण्याची क्षमता ठळकपणे वाढते; म्हणजे पहिल्या कातेपूर्वीचे पिल्लू प्रौढ सापापेक्षा खऱ्या अर्थाने उघडे असते. आकारमानाच्या मानाने पिल्लाचे पृष्ठफळही मोठे असल्याने त्याची गरज दुहेरी असते, आणि प्रौढासाठी पुरेशी असलेली पेटी त्याला कोरडी पडू शकते.

हा अडसर कितीही चांगला असला तरी पूर्ण नसतो. बऱ्याच सापांत बाष्पीभवनाने जाणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा श्वासापेक्षा त्वचेतूनच जातो. वाळवंटी जातींची त्वचा दमट प्रदेशांतील जातींच्या त्वचेपेक्षा कमी पाणी सोडते, आणि जातीजातींच्या आर्द्रतेच्या आकड्यांतील फरकामागे शरीररचनेचा हा भेद आहे. तरीही वाळवंटी साप कोरड्या हवेत सुखाने राहतो असे समजणे घाईचे होईल. पूर्व आफ्रिकेतील केनियन सँड बोआ दिवसाचा बहुतेक वेळ स्वतःला वाळूत पुरून घेतो, आणि वाळूच्या पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटरांवर हवा बाहेरच्यापेक्षा थंड व अधिक ओलसर असते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील रॅटलस्नेक पाऊस पडू लागताच बिळाबाहेर येऊन वेटोळे चपटे करतात आणि स्वतःच्या अंगावर साचलेले पाणी पितात. कोरड्या प्रदेशातील प्राण्यांचे कोरडेपणाशी जुळवून घेणे बहुतांशी असे, म्हणजे त्यापासून दूर राहण्याचे असते.

बॉल पायथनच्या बाबतीत तर मूळ प्रदेशाचे वरवरचे वर्णन दिशाभूलच करते. १८०२ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने वर्णन केलेली ही जात सेनेगलपासून पूर्वेस युगांडापर्यंत पसरलेली आहे आणि टोगो, बेनिन व घाना या देशांतून तिची पिल्ले दीर्घकाळ जगभर निर्यात होत आली आहेत. बेनिनमधील विदा या गावात तिचे देऊळ आहे आणि तिथे हे अजगर पूज्य मानले जातात. हा सारा मुलूख गवताळ माळ, शेते आणि विरळ झाडीचा आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सहाराकडून हरमटान नावाचा धुळीचा वारा तिथे वाहतो आणि दिवसाची हवा इतकी सुकवतो की माणसांचे ओठ फुटतात. हवामानखात्याच्या तक्त्यातील त्या महिन्यांचे आकडे पाहून कोणी बॉल पायथनची पेटी कोरडी ठेवली, तर तर्क सरळ वाटतो. परंतु तक्त्यातील आकडे जमिनीवरच्या हवेचे असतात, आणि साप त्या वेळी जमिनीखाली असतो. उंदीरवर्गीय प्राण्यांची बिळे आणि वाळवीची वारुळे ही त्याची दिवसाची वसतिस्थाने होत. मातीत मुरलेली ओल, अरुंद तोंड, वाऱ्याचा अभाव आणि जवळपास स्थिर तापमान यांमुळे बिळातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ दमट राहते. रात्री तो शिकारीसाठी बाहेर पडतो तेव्हा तापमान उतरल्याने बाहेरची सापेक्ष आर्द्रताही चढलेली असते. भारतीय अजगरही याच वृत्तीचा आहे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात तो साळिंदरांनी खोदलेल्या बिळांत राहताना आढळतो. या सवयीचा विचार करता बॉल पायथनच्या पेटीत पुनर्निर्मिती करायची असते ती बिळाची. माळाची प्रतिकृती त्याच्या कामाची नसते.

ओलाव्याची कमतरता सर्वांत आधी उघड होते ती कात टाकताना. सापाची बाह्यत्वचा सतत थोडी थोडी झडत नाही. जुन्या त्वचेखाली नवी संपूर्ण पिढी तयार होते आणि मग जुना थर एकसंध निघून येतो. त्याआधी दोन पिढ्यांच्या मध्ये द्रव झिरपतो आणि विकरे तेथील जोड सैल करतात. या काळात सापाचा रंग मंदावतो, पोटाकडचा भाग गुलाबीसर होतो आणि डोळ्यांवर दुधाळ निळसर झाक येते, कारण सापाला पापण्या नसतात आणि डोळ्यावरील पारदर्शक कवचसुद्धा त्वचेचाच भाग म्हणून कातेबरोबर बदलले जाते. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत साप तोंडाची कड खरबरीत पृष्ठभागावर घासून कातेतून बाहेर सरकतो. ही क्रिया नीट पार पडण्यासाठी मधला द्रव टिकायला हवा आणि वरचा थर लवचीक राहायला हवा. शरीरात पाणी कमी असेल किंवा भोवतालची हवा फार कोरडी असेल, तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. शेपटीच्या टोकाला राहिलेले तिचे वळे सुकून आवळले जाते आणि रक्तपुरवठा तुटून टोक झडू शकते. डोळ्यावरील कवच तसेच राहिले तर त्यावर पुढचे कवच चढते. ते चिमट्याने ओढण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्यात खालचे नवे कवच व डोळा कायमचा दुखावतो. सापाला कोमट पाण्याने भिजवलेल्या सुती कापडांच्या घड्यांमधून काही वेळ स्वतःच्या गतीने सरकू देणे, एवढाच उपाय घरी करावा. त्याने काम झाले नाही तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

अशी अडचण एकदाच आली तर ती तात्पुरती असू शकते, पण वारंवार येत असेल तर पेटीची बांधणी तपासावी लागते. काचेच्या पेट्यांवर बहुधा तारेच्या जाळीचे झाकण असते. वर दिवा लावला की तापलेली, म्हणून हलकी झालेली हवा जाळीतून वर निघून जाते आणि तिच्या जागी खोलीतील कोरडी हवा आत ओढली जाते, असा एक अखंड प्रवाह सुरू राहतो. जाळीचा बराचसा भाग, दिव्यापासून सुरक्षित अंतर राखून, पत्र्याने किंवा अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याने झाकल्यास हा प्रवाह मंदावतो. समोरून उघडणाऱ्या आणि वरून बंद असलेल्या पीव्हीसीच्या पेट्या या कारणानेच लोकप्रिय झाल्या. भोके सर्वच बुजवणे मात्र घातक असते, कारण मग ओलाव्याबरोबर विष्ठेतील अमोनियाही आतच कोंडला जातो.

तळाशी पसरलेला थर हा पेटीचा खरा पाणीसाठा असतो, आणि नवख्या पाळणाऱ्यांकडून सर्वाधिक दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. वर्तमानपत्राचा कागद किंवा अस्पेन लाकडाचा भुगा ओलावा धरून ठेवत नाही. अस्पेन ओला झाला की त्याला बुरशीही लवकर लागते. नारळाच्या शेंड्यांपासून केलेले कोकोपीट, शेंड्यांचे तुकडे किंवा सायप्रसच्या सालींचा चुरा आठ ते दहा सेंटिमीटर जाडीत पसरला, तर तो पाणी शोषून हळूहळू सोडतो. देवदारासारख्या सुगंधी लाकडांतील तेले सापांना अपायकारक असल्याने ती टाळली जातात. पाणी शिंपडण्याऐवजी ते पेटीच्या कोपऱ्यांतून खाली ओतावे. मग तळचा थर ओला होतो, वरचा एक-दोन सेंटिमीटरांचा भाग कोरडा राहतो, आणि सापाच्या पोटाला ओल लागत नाही. फवाऱ्याने आर्द्रतामापकाचा काटा काही मिनिटांत ९० टक्क्यांवर जातो आणि तासाभरात पूर्वपदावर येतो. त्यातून पाळणाऱ्याला समाधान मिळते, पण सापाला मिळतो तो ओल्या पृष्ठभागाचा त्रास. दिव्याऐवजी खालून तापवणारी गादी वापरली तर हवा फारशी तापत नाही, पण थराचा तिच्यावरील भाग लवकर सुकतो. कुठलाही तापक असला तरी त्यावर तापमाननियंत्रक असणे अनिवार्य आहे, कारण अनियंत्रित गादीने सापांची पोटे भाजल्याची प्रकरणे पशुवैद्यांकडे नेहमी येतात.

या सगळ्याहून साधा आणि अधिक परिणामकारक उपाय म्हणजे ओले लपण. झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा, त्याच्या बाजूला साप जाईल एवढे गुळगुळीत कडांचे छिद्र, आणि आत पिळून घेतलेले स्फॅग्नम मॉस एवढ्यानेच ते तयार होते. आतली हवा संपृक्ततेच्या जवळ पोहोचते, आणि बाकीची पेटी त्या मानाने कोरडी राहिली तरी चालते. डोळे दुधाळ झालेला बॉल पायथन बहुधा आपणहून त्यात जाऊन बसतो. पेटीच्या उबदार व थंड अशा दोन्ही भागांत कोरडी लपणे आणि मध्यभागी हे ओले लपण, अशी मांडणी केली म्हणजे सापाला ऊब आणि ओल यांपैकी एकीसाठी दुसरीचा त्याग करावा लागत नाही. त्याच्या बसण्याच्या जागांची नोंद ठेवणारा पाळणारा त्यातून बरेच काही शिकतो. कातेचा काळ नसतानाही साप दिवसचे दिवस मॉसमध्येच राहू लागला, किंवा पाण्याच्या भांड्यात पडून राहू लागला, तर पेटी कोरडी पडली आहे, फार तापली आहे किंवा अंगावर माइट नावाचे बारीक परजीवी झाले आहेत, यांपैकी काहीतरी घडलेले असते.

आर्द्रतेचे यंत्र मात्र विश्वासार्ह हवे. ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये माणसाच्या केसाची ओलाव्याने वाढणारी लांबी वापरून आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ते तत्त्व अनेक वर्षे उपयोगी पडले. परंतु पेटीच्या भिंतीला चिकटवण्याच्या स्वस्त काट्याच्या तबकड्या पंधरा-वीस टक्क्यांनीही चुकू शकतात. डिजिटल मापक अधिक चांगला, आणि त्याचीही परीक्षा घरी करता येते. स्वयंपाकाचे मीठ चमचाभर पाण्यात विरघळू न देता चिखलासारखे ओले करून, मापकासह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवले, तर काही तासांनी आतली हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते, कारण मिठाच्या संपृक्त द्रावणावरील बाष्पदाब ठरावीक असतो. मापक ७० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक नोंदीत पाच मिळवावेत. दोन मापके असतील तर एक थंड टोकाला आणि एक लपणाच्या आत, सापाच्या उंचीवर ठेवावे. छताजवळचा आकडा सापाच्या कामाचा नसतो.

अतिरेकी ओलाव्याचे दुष्परिणाम कमी गंभीर नाहीत. पोट सतत ओल्या, घाण पृष्ठभागावर राहिले की खवल्यांच्या मध्ये द्रवाने भरलेले फोड येतात, मग त्यांत जीवाणू शिरून त्वचा सडू लागते. श्वसनमार्गाच्या आजारांचे खापरही बहुधा ओलाव्यावर फोडले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. थंडी आणि ओल एकत्र आल्यास सापाची प्रतिकारशक्ती खालावते हे खरे. परंतु २०१४ मध्ये अमेरिकेतील आजारी बॉल पायथनांमध्ये नायडोविषाणू सापडल्यानंतर, ज्या न्यूमोनियासाठी आधी केवळ पाळणाऱ्याला दोष दिला जात असे त्यांतील काही प्रकरणे संसर्गजन्य होती हे स्पष्ट झाले. तोंड उघडे ठेवून श्वास घेणाऱ्या किंवा लाळेचे बुडबुडे काढणाऱ्या सापासाठी पेटीतील आर्द्रता कमी-अधिक करत बसणे म्हणजे वेळ दवडणे होय; त्याला वेगळे ठेवून तपासणी करून घ्यावी.

भारतात हा विषय कायद्याने आखलेल्या चौकटीत येतो. नाग, धामण, अजगर यांसारखा कोणताही देशी साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, मग तो विहिरीतून वाचवलेला का असेना. बॉल पायथन हा परदेशी प्राणी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने, तो बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांनुसार परिवेश संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. असा नोंदणीकृत साप महाराष्ट्रात असेल, तर युरोपीय पुस्तिकांतील सल्ला त्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. जुलैत मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. तिथे झाकणे बुजवण्याची गरज नसते. थर अधूनमधून बदलून पेटी हवेशीर ठेवणे आणि बुरशीवर लक्ष ठेवणे हेच काम उरते. मे महिन्यात नागपूरला दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या घरात उतरते आणि तापमान बॉल पायथनला सोसण्याच्या पलीकडे जाते. तिथे पाण्याच्या बाष्पीभवनाने खोली गार करणारा कूलर उष्मा आणि कोरडेपणा या दोन्हींवर एकदम उपयोगी पडतो, तर वातानुकूलन यंत्र हवेतील वाफ नळीने बाहेर काढून खोली आणखी कोरडी करते. कूलरचा झोत मात्र थेट पेटीवर येऊ देऊ नये.

ओलाव्याची गरज सर्वांत नाजूक असते ती अंड्यांच्या काळात. सापाच्या अंड्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कठीण नसून चर्मपत्रासारखे असते आणि त्यातून पाणी दोन्ही दिशांनी जाते. बॉल पायथनची मादी अंड्यांभोवती घट्ट वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते. बर्मी अजगराची मादी स्नायू आकुंचित करून अंड्यांना ऊब देते तशी ही देत नाही. मग ती इतके घट्ट वेटोळे का घालते, याचा शोध घेणाऱ्या २००५ च्या एका अभ्यासातून असे दिसले, की त्यामुळे अंड्यांतून उडून जाणाऱ्या पाण्याला अटकाव होतो. पाळीव माद्यांची अंडी बहुतेक वेळा काढून ३१ ते ३२ अंशांच्या उबवणपेटीत, ओलसर व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइटवर, जवळपास संपृक्त हवेत ठेवली जातात. पण पाण्याचे थेंब कवचावर पडू दिले जात नाहीत, कारण ओले कवच हवेची देवाणघेवाण नीट करू शकत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत अंड्यावर खळगा दिसला तर ती कोरडेपणाची खूण असते आणि भोवतालच्या माध्यमात थोडे पाणी वाढवावे लागते. उबवण संपत आल्यावर मात्र निरोगी अंडीही आपोआप पिचकतात, आणि त्या वेळी घाबरून पाणी ओतल्यास बाहेर पडण्याच्या बेतात असलेली पिल्ले गुदमरतात.